१२३४५६७८९ ची कुंडली: मोठी संख्या हातात आली की काय काय बघायचं

आमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड बरीच वर्षं १२३४५६७८९ होता. होता म्हणतोय, आता नाहीये, उगाच जिन्यात उभं राहून ट्राय करू नका. दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती, सातवीत आहे, तिनं पासवर्ड टाकता टाकता विचारलं, "मामा, ही मूळ संख्या आहे का रे?" मी मोबाईलमधून मान वर न काढता ठोकून दिलं की असेल, शेवटी ९ आहे म्हणजे दोननं नाही पाचनं नाही. तिनं पाच सेकंदांत अंकांची बेरीज केली, ४५, म्हणजे नऊनं भाग जातो, एवढं पण येत नाही का तुला. मग त्या संध्याकाळी इज्जतीचा प्रश्न झाला आणि आम्ही दोघं त्या संख्येचं जे काय निघतं ते सगळं काढायला बसलो, आणि त्यात माझे दोन तास कसे फुकट गेले ते पण सांगतो म्हणजे तुमचे वाचतील.

पद्धत कुठल्याही मोठ्या संख्येला चालते, गाडीचा नंबर घ्या, तिकिटाचा घ्या, नोटेवरचा घ्या. मी इथं हीच धरून चालतो कारण ही सगळ्यांना पाठ आहे.

आधी संख्या नीट लिहून घ्या

हे हास्यास्पद वाटेल पण अर्ध्या चुका इथंच होतात. कागदावर लिहा, अंक मोजा (नऊ), आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम द्या: १२,३४,५६,७८९. अक्षरी बारा कोटी चौतीस लाख छप्पन हजार सातशे एकोणनव्वद. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली स्थानांची नावं लावली तर एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी आणि मग अर्बुद, म्हणजे पहिला १ अर्बुदाच्या घरात बसतो. शाळेत आपण त्याला दशकोटी म्हणून मोकळे होतो.

शेजारी तीच संख्या तीन-तीनच्या गटात पण लिहून ठेवा, १२३ ४५६ ७८९. इंग्रजांची पद्धत म्हणून नाही, पुढं भाग जातो का बघायच्या कसोट्यांना लागते म्हणून. मी पहिल्यांदा स्वल्पविराम बघूनच गट पाडले, १२, ३४, ५६, ७८९, आणि कसोटी लावली, अर्थातच उत्तर चुकलं.

मग वर्गमूळाचा अंदाज. कॅल्क्युलेटरवर ११,१११.११ असं काहीतरी येतं, बघून दचकायला होतं. १११११ चा वर्ग १२,३४,५४,३२१ आणि ११११२ चा वर्ग १२,३४,७६,५४४. आपली संख्या दोघांच्या मधे पडते, म्हणजे पूर्ण वर्ग नाही. त्या पहिल्या वर्गाकडे जरा बघा, १२३४५४३२१, चढत जातो आणि उतरत येतो. असल्या संख्यांना कापरेकर नावाच्या आपल्या एका शाळामास्तरांनी डेम्लो संख्या नाव दिलं, डेम्लो हे जुन्या जीआयपी (म्हणजे आताच्या मध्य) रेल्वेवरचं स्टेशन, तिथं त्यांना ही कल्पना सुचली म्हणून. कापरेकर मास्तर पुढं परत येणारेत.

घन आहे का ते पण लगेच होऊन जातं, ४९७ चा घन १२,२७,६३,४७३ आणि ४९८ चा १२,३५,०५,९९२, मधे आपली, म्हणजे घन नाही.

त्रिकोणी संख्या आहे का (१ + २ + ३ + … अशी बेरीज करत कधी येते का) हे बघायला एक सुंदर शॉर्टकट आहे. संख्येला ८ नं गुणायचं आणि १ मिळवायचा, आलेली संख्या पूर्ण वर्ग असेल तरच मूळची त्रिकोणी. आपल्याकडे ८ पट म्हणजे ९८,७६,५४,३१२ (हो, खरंच एवढं छान येतं, करून बघा), अधिक १ म्हणजे शेवटी ३. कुठल्याच पूर्ण वर्गाच्या शेवटी ३ येत नाही. विषय संपला, वर्गमूळ काढायची पण गरज नाही.

छोट्या छोट्या कसोट्या

वर्गमूळ आधी काढायचं कारण हे की भाग जाणारी मूळ संख्या शोधायची तर फक्त वर्गमूळापर्यंतच शोधावी लागते. तिथपर्यंत काही सापडलं नाही तर संख्या मूळ. पण ११,१११ पर्यंत मूळ संख्याच बाराशेच्या वर आहेत, त्यामुळं सरळ भागत बसायच्या आधी जे फुकटात कळतं ते घ्या.

अंकांची बेरीज ४५, म्हणून ३ नं जातो, ९ नं पण जातो. इथं एक क्षण थांबा कारण यातून अजून एक गोष्ट फुकट मिळते: १ ते ९ हे अंक एकेकदा वापरून कशीही उलटसुलट संख्या बनवा, बेरीज ४५ च राहणार, म्हणजे अशा ३,६२,८८० संख्या होतात आणि त्यातली एकसुद्धा मूळ नाही. भाचीला हे सांगितलं तर तिला आधी पटेना, चारपाच बनवून बघितल्या मग पटलं.

७, ११ आणि १३ साठी वेगवेगळ्या कसोट्या पाठ करू नका. ७ × ११ × १३ = १००१, त्यामुळं उजवीकडून तीन-तीनचे गट पाडून एक आड एक वजा-अधिक करायचं: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. (मधलाच गट परत आला, कारण १२३ आणि ७८९ ची बरोबर सरासरी ४५६ आहे.) आता फक्त ४५६ ला भागायचं. ७ नं बाकी १, ११ नं बाकी ५, १३ नं बाकी १. तिन्ही बाद एका फटक्यात.

३७ साठी तेच गट नुसते मिळवायचे, कारण ९९९ ला ३७ नं भाग जातो. १२३ + ४५६ + ७८९ = १३६८, ३७ नं भागून बाकी ३६, एकानं हुकलं. १०१ साठी दोन-दोनचे गट, ८९ − ६७ + ४५ − २३ + १ = ४५, नाही.

आता जो भाग गेला तो लगेच काढून टाका. १२,३४,५६,७८९ ÷ ९ = १,३७,१७,४२१. ही पायरी लोक विसरतात आणि मूळ आकड्यालाच भागत बसतात. काढून टाकल्यावर वर्गमूळ ११,१११ वरून ३,७०३ वर आलं, काम तीन पट कमी. नव्या संख्येच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे ३ परत जात नाही, तिसरा ३ नाही.

जिथं माझे दोन तास गेले

आता समोर १,३७,१७,४२१. मी हट्टानं एकेक मूळ संख्या घेऊन भागत सुटलो. १७ नं बाकी २, १९ नं बाकी १०, २३ नं बाकी १४, असं करत करत, मोबाईलचा कॅल्क्युलेटर, शेजारी वही, आईनं दोनदा जेवायला हाक मारली, मी १७३ पर्यंत पोचलो होतो. १७३ ही चाळिसावी मूळ संख्या. भाग जाणारी पहिली संख्या नंतर कळली ती ५०४ वी होती. म्हणजे मी दहावा हिस्सा पण संपवला नव्हता आणि वहीचं पान भरलं होतं.

मग जेवताना फर्माचं डोकं आठवलं. पिएर द फर्मा, सतराव्या शतकातला फ्रेंच माणूस, पेशानं वकील-न्यायाधीश, गणित हौस म्हणून. त्यानं १६४३ च्या सुमारास याच युक्तीनं २०२७६५१२८१ चे ४४०२१ × ४६०६१ असे अवयव पाडून दाखवले होते, तेव्हा कॅल्क्युलेटर कुठला.

युक्ती अशी. विषम संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल तर त्या दोघांच्या बरोबर मधे एक संख्या असते, तिला म समजा, आणि दोघं तिच्यापासून सारख्या अंतरावर असतात, ते अंतर अ समजा. मग गुणाकार म्हणजे (म − अ) × (म + अ), म्हणजे म चा वर्ग वजा अ चा वर्ग. शाळेतलंच सूत्र. तर उलटं करायचं: वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्यायची, तिचा वर्ग करायचा, आपली संख्या वजा करायची आणि उरलेलं पूर्ण वर्ग आहे का बघायचं. नसेल तर एकानं पुढं.

वर्गमूळ ३७०३ आणि काहीतरी, म्हणून सुरुवात ३७०४ पासून.

३७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६. वजा १,३७,१७,४२१ केले, उरले २१९५. पाचनं संपणारा वर्ग नेहमी २५ नं संपतो, इथं शेवटी ९५, म्हणजे बघताक्षणी नाही.

३७०५ चा वर्ग १,३७,२७,०२५. वजाबाकी ९६०४.

९६०४. आता (१०० − २) चा वर्ग काय येतो? दहा हजार वजा चारशे अधिक चार. ९६०४. अंतर ९८!

मी भाताचा घास तसाच ठेवून उठलो. ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. दुसऱ्या पायरीला. जिथं पाचशेच्या वर भागाकार लागले असते तिथं दोन वर्ग आणि दोन वजाबाक्या. खरं तर ९ काढला नसता तरी फर्मानं चौथ्या पायरीला आणलं असतं, ११११५ चा वर्ग वजा आपली संख्या म्हणजे ८६,४३६, आणि तो २९४ चा वर्ग.

पण लगेच हुरळून जाऊ नका, ही युक्ती इथं चालली कारण दोन अवयव एकमेकांच्या जवळ आहेत. उलट उदाहरण बघायचं तर याच संख्येतला ८ गाळा, १२३४५६७९. (ही ती प्रसिद्ध संख्या जिला ९ नं गुणलं की १११११११११ येतं.) तिचे अवयव ३७ × ३३३६६७. साधं भागत गेलात तर बाराव्या मूळ संख्येलाच सापडते. फर्मानं गेलात तर मधली संख्या १,६६,८५२ आहे आणि सुरुवात ३,५१४ पासून, म्हणजे एक लाख त्रेसष्ट हजारांवर पायऱ्या. त्यामुळं माझा क्रम आता ठरलाय: आधी फुकटच्या कसोट्या, मग पन्नास-साठपर्यंत साधे भागाकार, मग फर्माच्या दहाबारा पायऱ्या, तरी नाही सापडलं तर गपचूप कॉम्प्युटर. लिनक्स असेल तर टर्मिनलमधे फॅक्टर लिहून संख्या टाकली की क्षणात उत्तर, पायथनवाल्यांना सिम्पाय लायब्ररी आहे. बँकेच्या व्यवहारात ज्या गुप्त किल्ल्या वापरतात त्यातल्या एका प्रकारात दोन अवाढव्य मूळ संख्यांचा गुणाकार असतो, आणि त्या दोन संख्या एकमेकांच्या जवळ घ्यायच्या नाहीत अशी ताकीद असते ती याच युक्तीमुळं.

एक काम राहिलं, ३६०७ आणि ३८०३ स्वतः मूळ आहेत का. गृहीत धरू नका. पहिलीला ५९ पर्यंत आणि दुसरीला ६१ पर्यंतच बघायचंय, हे हातानं होतं. ३६०४ ला १७ नं पण जातो ५३ नं पण जातो, त्यामुळं ३६०७ तीनानं वाचली. ३८०० ला १९ नं जातो, ३८०३ पण तीनानंच वाचली. बाकीच्या पण कुणीच भाग घालवत नाहीत. दोन्ही मूळ.

तर १२,३४,५६,७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३. हे एकदा वहीत चौकट करून लिहा, खरी कुंडली ही.

अवयव मिळाले की बाकीचं आपोआप

इथून पुढं शोधायचं काही नाही, नुसतं वाचायचं.

एकूण विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवून गुणायचं. ३ दोनदा आहे म्हणून ३, बाकीचे एकेकदा म्हणून २ आणि २. ३ × २ × २ = १२. लिहून काढा: १, ३, ९, ३६०७, ३८०३, १०८२१, ११४०९, ३२४६३, ३४२२७, मग एकदम उडी मारून १३७१७४२१, ४११५२२६३ आणि स्वतः. बारा कोटींची संख्या आणि विभाजक फक्त बारा. ६० सारख्या चिमुकल्या संख्येला पण बाराच असतात. संख्येच्या आकारावर काही नसतं, आत काय भरलंय त्यावर असतं.

विभाजकांची बेरीज: (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३), म्हणजे १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. त्यातून स्वतःला वजा करा, उरतात ५,४९,६६,०२७. हे संख्येपेक्षा कमी म्हणून संख्या न्यून. बरोबर तेवढेच आले असते तर परिपूर्ण (६, २८, ४९६ यांच्यासारखी), जास्त आले असते तर विपुल. एवढा गुणाकार न करता पण अंदाज येतो, दोन मोठे अवयव बेरजेत जवळजवळ काहीच भर घालत नाहीत, सगळा खेळ ९ चा, आणि ९ चे स्वतःला सोडून विभाजक १ आणि ३, बेरीज ४, म्हणजे नऊ भागांतले चार, ४४ टक्क्यांच्या आसपास. आपलं उत्तर पण ४४.५ टक्के येतं. असा पडताळा नेहमी घ्या, एखादं शून्य निसटलं असेल तर इथं पकडलं जातं.

सहमूळ किती? म्हणजे १ पासून या संख्येपर्यंत किती संख्यांचा हिच्याशी १ सोडून कुठलाच सामाईक विभाजक नाही. ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२. परत तेच, दोन तृतीयांशाला किंचित कमी, कारण तीननं भाग जाणारे एक तृतीयांश गळाले आणि ३६०७ नं ३८०३ नं गळणारे अगदी चिमूटभर.

दोन वर्गांची बेरीज होते का? इथं मी फसलो होतो. ४ नं भागून बाकी १ येते (शेवटचे दोन अंक ८९ बघा), त्यामुळं वाटतं होत असेल. पण नियम मूळ अवयवांना लागतो: ४ नं भागून बाकी ३ देणारी प्रत्येक मूळ संख्या सम वेळा आली पाहिजे. ३ दोनदा आहे, ठीक. पण ३६०७ ची बाकी ३ आणि ती एकदाच, ३८०३ ची पण बाकी ३ आणि ती पण एकदाच. दोन खोटे मिळून खऱ्यासारखे दिसले, ३ गुणिले ३ म्हणजे ९, बाकी १. तर दोन वर्गांची बेरीज नाही होत. तीन वर्गांची मात्र होते, कारण ८ नं भागून बाकी ५ आहे, आणि विषम संख्या तिथं फक्त बाकी ७ असेल तर अडते. वर्गांची वजाबाकी म्हणाल तर सहा प्रकारांनी होते, बारा विभाजकांच्या सहा जोड्या म्हणून, त्यातला सगळ्यात जवळचा प्रकार वर आलाच, ११११५ आणि २९४.

आता अंकांची गंमत, म्हणजे कापरेकर मास्तर

आतापर्यंतचं सगळं संख्येचं स्वतःचं, ती रोमनमधे लिहा नाहीतर गोट्या मांडा, ३६०७ तिच्यात असणारच. पुढचं आहे ते तिच्या दिसण्याबद्दल, आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून. गणितातले मोठे लोक याला कमी लेखतात, मला वाटतं तेवढं कमी लेखायचं कारण नाही, मुलांना गोडी लागते ती इथंच.

आणि यात आपला माणूस राजा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा डहाणूचा, फर्ग्युसनमधे शिकले, १९२७ मधे रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळवलं आणि मग नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर म्हणून जन्म घालवला. १९७५ मधे गणिताच्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनं सायंटिफिक अमेरिकनमधल्या त्याच्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा जगाला कळलं.

हर्षद आहे का: अंकांच्या बेरजेनं संख्येला भाग गेला तर हर्षद, हर्ष देणारी. ४५ नं भाग जायला शेवटी ० किंवा ५ पाहिजे, इथं ९, म्हणजे नाही. पण बघा, तेच नऊ अंक असे मांडा की ५ शेवटी येईल, १२३४६७८९५, आता ५ नं पण जातो ९ नं पण जातो, म्हणजे ४५ नं जातो, हर्षद झाली. ५ शेवटी ठेवून होणाऱ्या सगळ्या ४०,३२० संख्या हर्षद.

स्वयंभू आहे का: एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून आपली संख्या तयार होत असेल तर ती स्वयंभू नाही, तिला कुणीतरी जन्म दिलाय. कुणालाच जमत नसेल तर स्वयंभू. (यांनाच देवळाली संख्या पण म्हणतात.) आई शोधायला फार मागं जावं लागत नाही, नऊ अंकांची बेरीज जास्तीत जास्त ८१, म्हणजे ८१ च्या आतच ती असणार, म्हणजे पहिले सहा अंक १२३४५६ च राहणार आणि सातवा ७ च. उरले शेवटचे दोन. समीकरण मांडलं तर ११ गुणिले दशक अधिक २ गुणिले एकक = ६१ असं येतं, दशक विषम पाहिजे, ५ घेतलं तर ५५, उरले ६, एकक ३. आई सापडली: १२३४५६७५३, तिच्या अंकांची बेरीज ३६, मिळवा. १२३४५६७८९! भाची म्हणाली आजी पण शोधूया. तो नाद करू नका, रात्र जाते.

कापरेकर संख्या आहे का: वर्ग करायचा, दोन तुकडे करायचे, बेरीज मूळ संख्येएवढी आली तर आहे. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५, आहे. आपल्या संख्येचा वर्ग १५२४१५७८७५०१९०५२१. इथं सावध, एक्सेलमधे केलंत तर तो पंधरा अंकच धरतो आणि शेवटी ५०० दाखवतो, फोनचा कॅल्क्युलेटर बहुतेक ई लावून मोकळा होतो. उजवीकडचे नऊ अंक ७५०१९०५२१, डावीकडे १५२४१५७८, बेरीज ७६५४३२०९९. नाही आली, पण हरताना पण किती देखणी हरली बघा.

आता सगळ्यात भारी. ६१७४ तुम्हाला माहीत असेल, चार अंकी संख्या (चारही अंक सारखे नसलेली) घ्या, अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमानं लावलेली वजा करा, परत परत करा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ वर येऊन थांबता. तेच आपल्या संख्येला करा. ९८७६५४३२१ − १२३४५६७८९ = ८६४१९७५३२. उत्तरातले अंक बघा, परत १ ते ९ एकेकदा! म्हणजे पुढची वजाबाकी पण तीच, उत्तर पण तेच, एका पायरीत मुक्कामाला. नऊ अंकांत असा अजून एक मुक्काम आहे, ५५४९९९४४५, आणि काही संख्या कुठंच न पोचता चक्रात फिरत राहतात, पण आपली पहिल्याच फटक्यात घरी.

आनंदी संख्या बघायची असेल तर अंकांच्या वर्गांची बेरीज करत जायचं, १ वर पोचली तर आनंदी. २८५, ९३, ९०, ८१, ६५, ६१, ३७, ५८, ८९, १४५, ४२, २०, ४, १६ आणि परत ३७. अडकली. आनंदी नाही. दोनच्या पटीत (नुसते ० आणि १ वापरून) लिहिली तर सत्तावीस अंक होतात त्यात १ सोळा वेळा येतो, आणि १ ची संख्या सम असली की इंग्रजीत तिला चक्क इव्हिल, दुष्ट म्हणतात. सोळाच्या पटीत लिहिली (तिथं दहा ते पंधराला ए ते एफ ही अक्षरं वापरतात) तर ७५बीसीडी१५, एक-दोन-तीन जाऊन बीसीडी आलं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर ९८७६५४३२१ घ्या. आपल्या संख्येची आठ पट अधिक ९, यावरून दोघींचा मसावि भागाकार न करता सांगता येतो: जो दोघींना भागतो त्याला ९ ला पण भागावं लागतं, आणि ९ दोघींना भागतोच, म्हणजे मसावि ९. पुढं ९ काढल्यावर १७ दोनदा निघतो, उरतात ३,७९,७२१, ती मूळ आहे पण ते तपासायला ६१६ पर्यंत जावं लागेल, तेव्हा जेवून बसा.

वायफायचा नवा पासवर्ड भाचीनंच जाताना ठेवलाय. नऊ आकडी आहे आणि मूळ संख्या आहे एवढंच सांगते, एक अंक पण सांगत नाही. त्यात १ ते ९ एकेकदा नाहीत, एवढंच मला कळलंय.